पान एक्केचाळिसावरची ओळ

कोथरूड, पुणे ३८
२ मार्च २००५

चि. पूर्णिमा हिस अनेक आशीर्वाद.

तुझा पत्ता विद्यापीठाच्या कचेरीतून मागून घेतला. कारकुनाने 'यवतमाळ'मधला 'त' गाळला होता आणि तुझ्या 'पूर्णिमा'चा पू ऱ्हस्व केला होता. दोन्ही दुरुस्त करून पाकिटावर लिहिलं आहे. पोचलं तर समज, बाईंच्या दुरुस्त्या अजून कामाला येतात.

इकडे सगळं ठीक. हे रोज सकाळी टेकडीवर जातात आणि जगाच्या तक्रारी घेऊन खाली उतरतात. आमच्या सूनबाई, ऋचा, हिंजवडीला लागल्यापासून घरात पाहुण्यासारख्या येतात. काल मला म्हणाली, "आई, तुमचं मराठी फार प्युअर आहे." हे कौतुक की टोमणा, ते मी विचारलं नाही.

तू लोकविद्या सोडून गेलीस त्याला महिना होऊन गेला. नव्या कॉलेजात रुळली असशीलच. तिथला उन्हाळा कसा आहे?

लोकविद्या विद्यापीठाचा आयर्लंडच्या विद्यापीठाशी झालेला करार तुला मी काय सांगू, दोन वर्षं तू त्यातच राबलीस. 'ज्यांचं कुणी ऐकत नाही, त्यांचं आधी ऐकायचं' हे दोन्ही विद्यापीठांचं सामायिक ध्येय, आणि ते वाक्य मराठीत माझंच. करारातल्या 'सिव्हिक'ला मराठी शब्द शोधण्यात माझे दोन दिवस गेले होते. 'नागरी' म्हटलं की पुणेकराला आधी गटारं आठवतात, असं मी म्हटलं तेव्हा तू किती हसली होतीस.

तर १९ तारखेला, शनिवारी, त्यांच्याकडच्या दोघी जणी येताहेत. करार पुढे पाच वर्षं वाढवायचा आहे. त्याआधी आपल्या मार्केट यार्डाच्या अहवालाचं प्रकरण मिटवावं असं प्रकल्पप्रमुख म्हणून आमोद सरांचं म्हणणं. ती लसूण निवडणारी तुळजाबाई, तिने विद्यापीठाकडे अर्ज केला होता ना, की पान एक्केचाळीसवर आपल्या नावाने छापलंय ते आपण बोललोच नाही. दुसरीकडे गोदामाच्या मालकांनी तेच पान दाखवून बत्तीस बायकांना ३१ मार्चपर्यंत शेड सोडायला सांगितलं आहे. बायकांचीच संमती आहे, विद्यापीठाने छापली आहे, मग आता कुरकुर कसली, असं ते म्हणतात. नवी जागा वाघोलीच्याही पुढे. या बायका राहतात त्या बिबवेवाडीच्या वरच्या वस्तीतून सकाळी सातला तिथे कुणी कसं पोचायचं हे मालकांनाच ठाऊक.

आमोद सरांनी एक निवेदन तयार केलंय. मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीच्या नोंदीत होतं तेच वाक्य छापलं, असं त्यात आहे. त्यावर अहवालाची संपादिका म्हणून माझी सही हवी. नुसता उपचार आहे. मसुद्यात एक स्वल्पविराम जास्त होता, तेवढा मी काढला.

जाता जाता एक किरकोळ गोष्ट विचारते. तुळजाबाईच्या मुलाखतीची कॅसेट होती ना, तिची दुसरी प्रत तू करून ठेवली होतीस का? दप्तरी नोंद असावी म्हणून विचारते आहे, दुसरं काही नाही. पत्रानेच कळव. फोनवर हल्ली मला नीट ऐकू येत नाही.

तुझी,
बाई


यवतमाळ
९ मार्च २००५

मा. दातार मॅडम यांना सादर नमस्कार.

पत्र मिळालं. मी बरी आहे. कॉलेजही बरं आहे. वर्गात मुली खूप बोलतात. मी त्यांना बोलू देते.

कॅसेटची प्रत माझ्याजवळ नाही. मूळ कॅसेट आणि माझ्या हातची वही मी ऑक्टोबरात तुमच्या घरी आणून दिली होती. तुम्ही चहा करत होतात आणि कॅसेट फ्रिजवर ठेवली होती. तेव्हा काळजी नसावी.

जानेवारीच्या बैठकीत आमोद सरांनी विचारलं, ही चूक कुणाची? तुम्ही म्हणालात, "मुलाखत पूर्णिमाने घेतली." त्यात खोटं काही नव्हतं. तुम्ही पुढचं वाक्य बोलाल म्हणून मी तुमच्याकडे बघत थांबले. बाकीच्यांना वाटलं, मी गप्प आहे म्हणजे मला कबूल आहे. मग माझ्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही, हे ओघानेच आलं.

तुळजाबाईंचा मागच्या आठवड्यात एसटीडीवरून फोन आला होता. "पोरी, तू तर समोरच बसली होतीस ना?" एवढंच विचारलं त्यांनी. 

सही करायची की नाही, हे तुम्ही मला विचारलेलं नाही. म्हणून मीही लिहीत नाही.

आपली,
पूर्णिमा इंगोले


कोथरूड
शुक्रवार, १८ मार्च २००५

प्रिय पूर्णिमा,

आशीर्वाद लिहायला हात धजला नाही.

सगळ्यात कठीण ते आधी सांगून टाकते. 'प्रत माझ्याजवळ नाही' हे तुझं वाक्य वाचून मला हायसं वाटलं. मी खुर्चीत मागे टेकून बसले, एवढं हायसं वाटलं. मग पुढचं वाक्य वाचलं आणि कळलं की मी का विचारलं होतं ते तू पहिल्या ओळीतच ओळखलं आहेस. मला फोनवर उत्तम ऐकू येतं. मला तुझा आवाज ऐकायचा नव्हता.

कॅसेट माझ्याकडेच आहे. फ्रिजवरून ती कपाटात गेली, कपाटात साड्यांच्या खाली. जानेवारीपासून तिथेच होती. मंगळवारी दुपारी हे बँकेत गेल्यावर मी ती काढून लावली. तू विचारतेस, "शेड इथून हलवायची म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?" आणि तुळजाबाई म्हणतात, "आमची काय हरकत असनार? उचला अन् टाका कुटंबी." मागे बायका हसतात. तूही हसतेस. मग लसणाचं पोतं ओढल्याचा आवाज येतो.

तुझी वहीही काढली. तिच्यात तू अक्षर न् अक्षर तसंच उतरवलं आहेस, प्रश्नचिन्हासकट. त्यावर माझी लाल शाई आहे. प्रश्नचिन्हावर काट. वर समासात माझं वळणदार वाक्य: 'आमची काही हरकत असणार नाही. आम्हाला कुठेही हलवले तरी चालेल.'

चार दिवसांत एकशे बारा पानं तपासायची होती, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून झालं. बोलीभाषा अहवालात बरी दिसत नाही, हेही सांगून झालं. पण घाई नव्हती ती. अगं, टोमणा ओळखायला पुण्यात कुणाला शिकवणी लावावी लागत नाही. आमच्या सदाशिव पेठेतल्या माहेरी तर तो वरणभातासारखा रोजचा. हेच वाक्य आमोद सर बोलले असते, आमच्या सोसायटीचे चेअरमन बोलले असते, तर मी प्रश्नचिन्हाला हात लावला नसता. लसूण निवडणारी बाई टोमणा मारू शकते, एवढी तिची बुद्धी असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. मला वाटलं, बिचारीला 'हरकत नाही' नीट म्हणता येत नाही, आपण म्हणून देऊ. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांचं ऐकायचं, हे वाक्य ज्या पेनाने लिहिलं त्याच पेनाने.

जानेवारीत हे मला ठाऊक होतं. मुद्दाम सांगते, कारण तुला वाटेल की बाईंना आत्ता कळलं. बैठकीच्या आदल्या दिवशी मी वही उघडून पाहिली होती. वाक्य तयार करून गेले होते: 'मुलाखत पूर्णिमाने घेतली, दुरुस्ती मी केली.' पहिला अर्धा भाग तोंडातून गेला आणि सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. मला बरं वाटलं. अडतीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या, माझी कुणी काढली नव्हती. तू माझ्याकडे पाहत होतीस ते मला दिसत होतं. मी चष्मा पुसला.

परवा, बुधवारी, मी मार्केट यार्डात गेले. शेडमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. सगळा अहवाल घरी बसून तपासला होता. तुळजाबाईंनी रिकामं पोतं सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा. लुगड्याला वास लागंल." मी पान एक्केचाळीस वाचून दाखवलं.

"हे कोन बोललं?"

"तुम्ही," मी म्हटलं. मग म्हटलं, "नाही, मी."

"मंग तुमीच जावा की वाघोलीला."

बायका हसल्या. तुळजाबाई हसल्या नाहीत. सुरी चालूच होती त्यांची. त्या म्हणाल्या, "सहा वाजता घर सोडते मी. सून बाळंत झालीया, घरात करायला दुसरं कोन न्हाई. इथं हाय म्हनून दुपारी घरी जाऊन येते, तिला भाकरी देते. तिकडनं कशी येऊ? सांगा की, तुमी शिकलेल्या."  मी उठताना त्यांनी विचारलं, "शनवारी त्या लोकांम्होरं बोलनार का?" मी "बोलेन" म्हटलं. त्या म्हणाल्या, "बगू."

शनिवार म्हणजे उद्या. अकराला सभा आहे. निवेदनावर तीन जागी सही हवी म्हणून आमोद सरांनी फुल्या करून ठेवल्यात. सकाळी त्यांचा फोन आला होता. "बाई, करार महत्त्वाचा आहे. एका ओळीपायी पुढची पाच वर्षं जातील. मुलगी तर गेलीच आहे, तिचं आता काही बिघडणार नाही." मी "हं" म्हटलं. बघ, आज सकाळी, शेडमध्ये जाऊन आल्यावरसुद्धा, मी "हं"च म्हटलं.

म्हणून मला माझा भरवसा नाही. बोलायचं ठरवून गप्प बसण्याची सवय एका दिवसात जात नाही. टिळक रोडच्या दुकानातून कॅसेटची एक प्रत करून घेतली आहे. ती उद्या पर्समध्ये असेल. मूळ कॅसेट आणि लाल शाईसकट तुझी वही या पत्राबरोबर कुरिअरने पाठवते आहे. सोमवारी तुला मिळतील.

सभेत मी बोलले, तर तिथून बाहेर पडल्या पडल्या तुला फोन करीन. तो आला असेल, तर हे सगळं जपून ठेव, पुढे शेडसाठी लागेल. आला नसेल, तर मी सही केली असं समज. मग माझी दयामाया करू नकोस. आयर्लंडच्या त्या दोघी बुधवारपर्यंत पुण्यात आहेत, विद्यापीठाच्या अतिथिगृहात. सोमवारच्या रात्रीच्या गाडीने नीघ आणि त्यांच्यासमोर वाजव. मला बोलावून माझ्यासमोर वाजव. तुळजाबाईंनाही ने. एकतीस तारखेला तेव्हा नऊ दिवस उरलेले असतील.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी बरं बोलावं लागेल, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू बोलशील. सध्या ते नको.

मी उद्या काहीही सांगितलं, कशावरही सही केली, तरी हे पत्र पुरावा म्हणून चालावं. म्हणून खाली 'तुझी बाई' लिहीत नाही.

कुसुम शरच्चंद्र दातार
संपादिका, मार्केट यार्ड अहवाल
पान ४१, ओळ ७ मी बदलली. पूर्णिमा इंगोले यांची नोंद बरोबर होती.