आईच्या उजव्या हाताविषयी जबाब

बाबा, मी तुमचा थोरला मुलगा. वय वर्षे एकोणऐंशी पूर्ण, राहणार मोरिवली, शिक्षण मराठी इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा रंगखात्यात मुकादम, आता निवृत्त. नाव लिहीत नाही, ते तुम्हीच ठेवलेले आहे. तुम्ही हयात असताना मी तुम्हाला एकेरीत ‘बा’ म्हणत असे, कारण आपल्या घरात तीच रीत होती. लेखी मात्र मी वडीलधाऱ्यांना कधी एकेरीत संबोधलेले नाही आणि या वयात ती सवय लावून घेणार नाही. पत्र लिहिण्यास कारण असे की, तुमच्याविषयीच्या एका नोंदीवर मला सही करावयाची होती. ती नोंद कायम राहणार आहे, आणि तिच्यात खोटे होते. ते खोटे मीच घातले होते.

विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र आहे. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भाषा ही जी शास्त्रे एरवी निरनिराळ्या दालनांत बसतात, ती तेथे एकाच मेजाभोवती बसतात. मला प्रथम हे हास्यास्पद वाटले. धुलाईखाते आणि रंगखाते एका हौदात घातले तर कापड नासते, एवढे मला ठाऊक आहे. हे लोक औद्योगिक वसाहतीतील जुन्या कामगारांच्या आठवणी जमवीत आहेत. त्यांच्याकडील एक बाई तीन सकाळी आपल्या ओटीवर बसून माझे बोलणे यंत्रात घेत होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, आवाज मऊ, पण प्रश्न असे की भल्या भल्या वकिलाला सुचू नयेत. एकाच माराबद्दल त्या विचारीत, मारणाऱ्याचे गाव कोणते, मार खाणाऱ्याने सकाळी काय खाल्ले होते, आणि मारताना शिवी कोणत्या भाषेत दिली. मी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. संपाची हकिकत सांगताना माझी मान ताठ होती, हे कबूल करतो.

संपाला महिना उलटलेला आहे. कारखान्याच्या फाटकापाशी कंत्राटदाराचे लोक ट्रकमधून उड्या टाकतात, प्रत्येकाच्या हातात सळई आहे. पहिली तुमच्या खांद्यावर बसते, दुसरी तोंडावर, आणि तुमचे दोन दात खडीवर पडतात. तुम्ही सायकलची साखळी उपसता, त्यांच्यातल्या एकाला आडवा करता आणि त्याच्या छातीवर बसता. मी त्याचे पाय दाबून धरलेले आहेत. साखळी चौथ्यांदा उतरते तेव्हा त्याचा डावा डोळा जागेवर राहत नाही. तुम्ही थांबत नाही. त्याच्या टाचा माझ्या पोटात आपटत असतात, मग त्या आपटेनाशा होतात. तो मेला नाही. पुढे वांगणीकडे शेळ्या राखीत असे, असे ऐकिवात आहे. हे सारे मी बाईंना जसेच्या तसे सांगितले. मग सांगितले की पोलिसांनी लाठी चालवली, आणि तुमच्यासाठी भाकरी घेऊन आलेल्या आईचा उजवा हात त्या लाठीने मोडला. हे वाक्य मी तुमच्या बाराव्याला पाहुण्यांना सांगितले होते, मुलाच्या लग्नानंतर सुनेला सांगितले होते. इतक्या वेळा सांगितले की ते बोलताना जिभेला काही वाटेनासे झाले होते.

केंद्राची पद्धत अशी की, सर्व बोलणे कागदावर उतरवतात, सांगणाऱ्याला वाचून दाखवतात आणि मग सही घेतात. पद्धत मला पसंत पडली, परंतु अपुरी वाटली. मी म्हणालो, “पंचांशिवाय वाचन होत नसते. माझ्या रक्ताचा एक पंच पाहिजे.”

“आजोबा, आमच्याकडे तशी काही अट नाही,” बाई म्हणाल्या.

“तुमच्याकडे नसेल. माझ्याकडे आहे.”

आणि मी धाकट्या बहिणीला निरोप धाडला. ही चूक माझी, ताठपणाची. ती आता त्र्याहत्तर वर्षांची आहे. लग्नानंतर सारा जन्म तिने उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये काढला, तेथील दुकानदारांसाठी पँटींना काजे-बटणे करीत. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. बदलापूरला केंद्राच्या दालनात शिरता शिरताच ती म्हणाली, “एवढी मोठी इमारत नि चहा एवढुशा कपान? शिकलेल्या लोकांना तहान लागत नाय का काय?” सूनबाई मागे उभी राहून हसली. मी डोळे वटारले.

बाईंनी वाचावयास आरंभ केला. फाटक झाले, साखळी झाली. बहीण मान डोलावीत होती. मग त्यांनी वाचले, “आईचा उजवा हात पोलिसांच्या लाठीने मोडला.”

“कंची लाठी रं?” बहीण म्हणाली.

“गप्प बैस. वाचन चालू आहे.”

“पोलीस काय आयच्या चुलीपाशी आलते? मुसल व्हतं ते, बाई. आमच्या घरचं. बानं घातलं.”

“तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. तुला काय कळते?”

“तेरा वर्साच्या पोरीला मुसल वलकत नाय? रोज त्याच्यानं कांडत व्हते मी. कॅम्पातला दुकानदार गिऱ्हाइकापासना डाग लपवतो ना, घडी वरच्यावर फिरवून, तसा बोलतोस तू.”

बाबा, परक्या माणसांसमोर मला आजवर कोणी असे बोललेले नाही. मी काठी उचलली. बहीण जागची हलली नाही. “मार,” ती म्हणाली, “हात बाचाच हाय.” काठी खाली आली ती मेजावर, पण ती मेजावरच आणावी असे मी ठरविले होते, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. पाण्याचा पेला फुटला आणि काच तिच्या कपाळात शिरली. रक्त भुवईवरून कागदावर ठिबकले. सूनबाई किंचाळली, बाई धावल्या. बहिणीने आपल्या हाताने काच उपटून काढली, पदर कपाळाला दाबला आणि म्हणाली, “आता लिवा.”

तिने सांगितले. संपात चूल पेटावी म्हणून आई गुपचूप कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासावयास जात असे. फाटकावर मारामारी संपल्यावर आपल्याच एका सोबत्याने तुम्हाला सर्वांदेखत म्हटले, “बायको साहेबाची खरकटी घासतेय, नि हा इथं झेंडा नाचवतोय!” तुम्ही तोंडातले रक्त थुंकत घरी आलात. बहीण विहिरीवरून हंडा घेऊन येत होती. “बानं आतून कडी घातली,” ती म्हणाली. “मी हंडा टाकला नि दार बडवलं, बडवलं. आय वरडत व्हती. मंग वरडायची थांबली. ती थांबली ना, तवा मी बी थांबले.”

बाईंनी सर्व लिहून घेतले. केंद्राचे प्रमुख म्हणाले की, हे पान पन्नास वर्षे बंद ठेवता येईल, इच्छा असेल तर वगळताही येईल. प्रदर्शनात लावण्यासाठी तुमचे छायाचित्र त्यांनी माझ्याकडून नेले होते, त्याविषयीही मीच ठरवावे. मी आठ दिवसांची मुदत मागितली.  हात मोडल्यानंतर आईने बावीस वर्षे डाव्या हाताने भाकरी थापली. ती एका कडेला जाड होत असे आणि तुम्ही त्यावरून तिला टोमणे मारीत असा. मी ती खात असे.

काल पुन्हा वाचन झाले. बहिणीच्या कपाळावर तीन टाके होते. बाईंनी वाचले, “वडिलांनी आतून कडी घातली.” मी हात वर केला.

“या वाक्यात चूक आहे,” मी म्हणालो.

“आता काय उरलंय रं लपवाया?” बहीण म्हणाली.

पहिला घाव पडला तेव्हा दार उघडे होते. तो आईच्या पाठीवर पडला. समोरच्या ओटीवर शेजारी उभे होते आणि त्यांच्यातला एक, अंगापिंडाने तुमच्याहून थोराड, अंगणात उतरून आपल्या उंबऱ्यापर्यंत आला होता. तो आत येता तर त्याने तुम्हाला आवरले असते. मी फाटकावरून तुमच्या मागोमाग घरात आलो होतो, एकोणीस वर्षांचा होतो, कमावता होतो. मी त्याच्या तोंडावर दार लोटले आणि कडी घातली. दुसऱ्या घावाला आईने हात आडवा धरला. आवाज भात कांडण्याच्या आवाजाहून लहान होता. तिसरा घाव त्याच मोडक्या हातावर पडला. तुमचे दोन्ही हात मुसळावर होते, बाबा. कडीला हात लावणारा मी होतो.

हे मी केंद्रात सांगितले.  बहीण रडली नाही. म्हणाली, “साठ वर्सं मी बाला शिव्या देतेय त्या कडीपायी.” मग उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाईंनी विचारले, “का घातलीत, आजोबा?” मी उत्तर दिले, “भीतीने.” तसे लिहिले गेले. तुमचे छायाचित्र लावावे, खाली सर्व मजकूर लावावा, पान बंद ठेवू नये, असे सांगून मी सही केली.

हे पत्र मी केंद्राला देणार नाही, आणि तुम्हाला पाठवावे असा पत्ता नाही. भीती वाटली, हे खरे नाही. ज्याने फाटकावर पाय दाबून धरले, तो मुसळाला भिणारा नव्हता. तो टोमणा मीही ऐकला होता. शेजाऱ्यांनी मध्ये पडू नये असे मला वाटले, कारण त्या वेळी तुमचे करणे मला बरोबर वाटत होते.

दाराबाहेर हजर: बहीण, आणि उंबऱ्याशी आलेला शेजारी, आता मयत. दाराच्या आत हजर: तुम्ही, मयत. आई, मयत. आणि मी.