अडतीस पोस्टकार्डं

करंजाडे, पनवेल
शनिवार, दुपार

प्रिय आशा,

तुझ्या घरी एकदम अडतीस पोस्टकार्डं येऊन पडली, त्याबद्दल आधी माफी मागते. पत्राची सुरुवात खुशालीने करावी असं सत्तावीस वर्षं वर्गात सांगत आले, आणि स्वतः लिहायला बसले तर पहिलंच वाक्य माफीचं निघालं. आज शाळा सकाळची होती. जेवणं आटोपली, कमलाकर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपलेत आणि मी खिडकीशी बसले आहे. उन्हाचा चौकोन फरशीवरून सरकत सरकत माझ्या पायापाशी आलाय. मधूनच नव्या विमानतळावरचं विमान डोक्यावरून जातं, तेव्हा मी पेन उचलून थांबते. वर्गातही हल्ली असंच थांबावं लागतं, अर्धं वाक्य फळ्यावर आणि अर्धं तोंडात.

झालं ते असं. नववीला पत्रलेखन शिकवताना मी फळ्याच्या दोन बाजू करते. डावीकडे औपचारिक पत्र: प्रति, विषय, महोदय, मोजून मापून चार ओळी. उजवीकडे अनौपचारिक: मैत्रिणीला सुट्टीत राहायला बोलावणारं. हे उजवीकडचं पत्र वर्षानुवर्षं एकच आहे. 'प्रिय आशा' असा मायना, 'परीक्षा संपली की आमच्याकडे राहायला ये, आपण दोघी मिठागराच्या बांधावर बसून चिंचा खाऊ' असा मजकूर, आणि वर तुझा पत्ता. खराखुरा, तुझ्या करंज्याचा, जेटीकडच्या वाटेसकट, पिनकोडसकट. नमुन्याला कुठलातरी पत्ता लागतोच, आणि मला तोच पाठ आहे, असं मी स्वतःला सांगते. खाली सही मात्र 'अ. ब. क.', कारण परीक्षेत स्वतःचं नाव लिहायची सोय नाही.

यंदा मुलांनी पोस्टकार्ड कधी हातात धरलेलं नाही असं कळलं, म्हणून मी चाळीस कार्डं आणली. प्रत्येकाने आपल्या मामाला, आत्याला, कुणालाही लिहावं आणि खरोखरच्या पेटीत टाकावं, असा माझा बेत. नेमकी त्या दिवशी मला मतदारयादीच्या कामाला जावं लागलं. फळ्यावर नमुना तसाच होता. आमचे सत्यजीत सर तासाला गेले. ते गणिताचे. त्यांना वाटलं, फळ्यावर आहे ते उतरवायचं. आमची मुलं तर काय, फळ्यावर खडूचा ठिपका पडला तर तोही वहीत काढतील! अडतीस जणांनी तुझा पत्ता उतरवला, पाठवणारा म्हणून 'अ. ब. क., नववी ब' आणि शाळेचा पत्ता, शिवाय नव्या पद्धतीप्रमाणे खोटाच ई-मेल. मग सरांनी ओळीने नेऊन सगळी कार्डं पेटीत टाकून आणली. मी दुसऱ्या दिवशी आले तेव्हा सर मोठ्या अभिमानाने म्हणाले की बाई, तुमचं काम फत्ते केलं.

नंतर वह्यांतली कच्ची पत्रं पाहिली, तेव्हा कळलं की काहींनी पदरचंही घातलंय. जगन नावाचा एक आहे, त्याने तुला येताना सुके बोंबील आणायला सांगितलं. एका मुलीने आमच्याकडे एसी आहे असं आमिष दाखवलं. मी वह्या वाचत हसत होते आणि डोळ्यांना धारही लागली होती. शिपाईमावशींना वाटलं, खडूची पूड गेली.

तुला खरं सांगू? हे पत्र फळ्यावर लिहिते त्या दिवशी दरवर्षी तू मला वर्गात दिसतेस. शेवटच्या बाकावर, खिडकीकडे, दोन वेण्या, रिबिनी सुटलेल्या. मी 'प्रिय' लिहून मागे वळते आणि तू बाहेर बघत असतेस. वर्ग लांब लांब होत जातो, भिंती पांढऱ्या होतात आणि आपण गव्हाणच्या मिठागरात असतो. दुपारची सगळी मोठी माणसं जेवायला गेलेली, वाफ्यांत आभाळ पडलेलं, आणि आपण दोघी काडीने ओल्या चिखलावर एकमेकींना पत्रं लिहितोय. तू लिहायचीस, दमे, तू कशी हाय? मी शेजारी बसूनच उत्तर लिहायचे, मी बरी हाय. मग माझे बाबा खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचे आणि सगळी पत्रं पाण्याखाली जायची. आपण नव्याने लिहायचो. आता तिथे कंटेनरच्या गाड्या उभ्या असतात. तरी मी तिथून जाताना बसच्या खिडकीतून बघतेच. मग कुणीतरी मुलगा विचारतो, बाई, पुढे काय लिहायचं, आणि मी परत नववी ब मध्ये येते.

तो नमुना मी फळ्यावर कधीपासून लिहिते, ते तुला अजून सांगितलं नाही. वीस वर्षं झाली. तुझ्या अंकिताची दहावी झाली, त्याच्या पुढच्या वर्षापासून.

तुझं ते निळं अंतर्देशीय माझ्याकडे अजून आहे. चारी बाजूंनी लिहिलेलं, घडीच्या दुमडीवरसुद्धा. अंकिताला सत्त्याऐंशी टक्के पडलेत, तिला पनवेलला सायन्सला जायचंय, रोज करंज्याहून येणं-जाणं जमायचं नाही, दोन वर्षं तुझ्याकडे राहील का गो, ती कामाला वाघ हाय, तुला जड व्हायची नाय. एवढं लिहून तू वर भावेशच्या मार्कांचीही चौकशी केली होतीस. आणि मी काय उत्तर दिलं? शाळेच्या आखीव कागदावर, तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवून, चार ओळी. 'आपले पत्र मिळाले. जागेअभावी आपली विनंती मान्य करणे शक्य नाही. गैरसमज नसावा. कळावे. आपली, सौ. दमयंती घरत.' आयुष्यभर मुलांना दोन पत्रांतला फरक शिकवणारी बाई मी, आणि तुला डाव्या बाजूचं पत्र पाठवलं.

जागा होती, आशा. दोन खोल्या आणि एक गॅलरी, अंकिताची वळकटी सहज मावली असती. कमलाकर नको म्हणतील असंही मी मनाशी ठरवून टाकलं होतं. खरं कारण भावेश. त्याला एक्कावन्न टक्के पडले होते. त्याच घरात रोज सकाळी सत्त्याऐंशीवाली पोर पुस्तक उघडून बसणार, कमलाकर तिचं कौतुक करणार, आणि माझा मुलगा मान खाली घालून चहा पिणार, हे मला बघवलं नसतं. तुझ्या लेकीचा मला हेवा वाटला. दुसरं काही नाही. ती त्या वर्षी घरीच राहिली आणि तुझ्याबरोबर बंदरावर मासळी वाळत घालू लागली, हे मला माहेरी कळलं तेव्हा मी पानावरून उठले होते. पण पत्र लिहिलं नाही. दरवर्षी फळ्यावर लिहिलं आणि तास संपला की पुसलं.

परवा शाळेत 'अ. ब. क.' या नावाने तुझं कार्ड आलं. मुख्याध्यापिका विचारत होत्या, हा कोण विद्यार्थी? मुलांनी ते मोठ्याने वाचलं. 'पोरांनो, तुमची अडतीस कार्डं मिळाली. आमचा पोस्टमन वाटेत सगळी वाचून आला, आख्ख्या करंज्याला ठाव हाय का मी पनवेलला चालले. पण एवढ्या जणांकडं ऱ्हायाला सुट्टी पुरायची नाय. आमच्या अंकीची लेक पूर्वी यंदा दहावीला हाय, तिनं बसून तुमच्या चुका काढल्या. बोंबील मागणाऱ्याला सांगा, सोता येऊन घेऊन जा. तुमच्या बाईंचं कार्ड मात्र यात नाय.' वर्ग हसत सुटला. तेवढ्यात एक विमान गेलं आणि ते जाईपर्यंत मला कुणाला काही उत्तर द्यावं लागलं नाही, हे बरं झालं.

त्याच संध्याकाळी मी कमलाकरना सगळं सांगितलं, वीस वर्षांत पहिल्यांदा. ते म्हणाले, मला तू विचारलंच कुठे? मी हो म्हणालो असतो. एवढंच बोलून ते उठले आणि भावेशच्या खोलीतलं टेबल पुसायला लागले. भावेश नाशिकला असतो, त्याचं चांगलं चाललंय, एक्कावन्न टक्क्यांनी त्याचं काही बिघडलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. पूर्वीचा निकाल लागला की तिला अकरावीला माझ्याकडे पाठव. टक्के कितीही पडोत. तू कार्डात काही मागितलेलं नाहीस आणि पुन्हा कधी मागणारही नाहीस, तेव्हा या वेळी विनंती माझी आहे. आधी अंकिताला हे पत्र वाचायला दे, सगळं, हेव्याच्या ओळींसकट. लेक तिची आहे आणि माझं पहिलं देणंही तिचंच आहे. ती हो म्हणाली तर तूच पूर्वीला पोचवायला ये, चार दिवस राहा. चिंचा मी आणून ठेवीन, बांध कुठून आणू ते मात्र ठाऊक नाही. आणि अंकिता नको म्हणाली तर तेही तिच्या जागी बरोबरच आहे. तसं असेल तर कार्डावर नुसतं 'नाय' लिहून धाड, मी समजेन. फक्त त्याखाली 'कळावे' लिहू नकोस.

तुझीच,
दमी