पत्रा कापायच्या आधी सांग

प्रिय मिलिंदभाऊ,

अन् वरून ती मलेच म्हणते, "आत्या, तू बोलू नको, तुले इंजिनातलं काय समजते!" मले? जिनं त्या गाडीच्या सीटा शिवल्या, उसवल्या, पुन्हा शिवल्या, तिले? प्रज्ञा तुझी पोरगी आहे म्हणून ऐकून घेतलं, दुसरी कोणी असती तर कानाखाली आवाज काढला असता. अन् तो इस्माईलभाई, तुझा गॅरेजातला पार्टनर, तोही तिच्याच बाजूनं! तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणते, "बाई, जमाना बदल गया." बदलला असन. गाडी माझ्या भावाची आहे ना?

थांब, नीट सांगते.

तुझी ती लाल गाडी, जुनी आठशे सीसीची, जिले तू स्पोर्ट कार म्हणे अन् सारा मोहल्ला माचिसपेटी म्हणे, तिचं इंजिन काढून राहिले. कोण्या ठोकलेल्या गाडीतलं मोठं टर्बोवालं इंजिन आणून ठेवलं आहे गॅरेजात, ताडपत्री झाकून. दुप्पट जोराचं. ते आपल्या गाडीच्या तोंडात मावत नाही, म्हणून समोरचा पत्रा अन् त्यामागची आडवी पट्टी कापायची. शनिवारी सकाळी. प्रज्ञा म्हणते, आरटीओचे कागदं रीतसर करू. करतीनही. पोरगी हुशार आहे. पण कापलेला पत्रा पहिल्यासारखा जुळते का गा?

अन् सगळं माझ्या एका 'हो'वर अडलं आहे. काहून, तर तूच सगळ्यांसमोर बोलून ठेवलं होतं, "गाडी दोघींची. दोघी हो म्हणतीन तवाच हात लावा." मोठा न्यायाधीश! स्वतः उठून चालला गेला अन् मले मधात बसवलं.

पत्र काहून लिहून राहिली, तेही सांगते. बाजूच्या मंदाबाईकडे पित्रांचे दिवस चालू आहेत. भिंतीवर पान ठेवते अन् कावळ्यांची वाट पाहते. काल मले म्हणे, "तूही ठेव वं सुमन, भाऊ येईन, मनातलं विचारून घे." मी म्हटलं, बाई, आमच्या आजोबानं छप्पन साली दीक्षा घेतली तवापासून आमच्याकडे कावळ्याले पान नाही. ती आपल्या भिंतीकडे गेली. मग मलेच वाटलं, त्यांच्याकडे विचारायले कावळा तरी आहे. आपण कोणाले विचारावं? म्हणून हा कागद. शाळा मी चौथीतच सोडली, तुले माहीत आहे. चुका काढू नको.

दोन ओळी लिहिते अन् उठते. पाणी पिते. पुन्हा बसते. डोक्यात सारखं तेच. हो म्हणू का नाही म्हणू?

तुले वाटत असन, सुमी तर खूश होईन. काहून का जिंदगीभर मीच तुझ्यामागं लागली होती, "भाऊ, तुझ्या गाडीले जोर नाही." खरंच नव्हता! सीताबर्डीच्या पुलावर चढताना ऑटोवाला बाजूनं जाऊन वळून हसे. मले किती राग ये! अन् तू आपला शिटी वाजवत. मी म्हणे, "मोठं इंजिन टाक ना." तू म्हणे, "जोर वाढवून का करतं? वजन कमी कर." अन् लागला कमी कराले.

मागची सीट काढली. दाराच्या आतले पुठ्ठे काढले. हिटर काढला, म्हणे नागपुरात हिटर कायले पायजे! माझ्या दुकानातून मी तुले किती प्रेमानं सीटा शिवून आणल्या होत्या, चांगला जाड फोम, मधात लाल पायपिंग. तू बोटानं दाबून पाहिलं अन् म्हणाला, "हे का शिवलं वं? सोफा?"

"बसणाऱ्याले हाडं असते ना!"

"हाडं आहेत म्हणूनच फोम नाही पायजे."

अन् शेवटी का केलं? नुसती लोखंडी चौकट ठेवली अन् मले म्हणाला, बाजेची निवार विणून दे. गाडीत निवार! घरच्या बाजेसारखी! मी रागारागात इतकी ताणून विणली का वरून रुपया फेकला असता तर उडाला असता. अन् तीच सीट सगळ्यात चांगली निघाली, हे मी तुले कधी म्हटलं नाही अन् म्हणणारही नाही.

सावनेरच्या ट्रक तोलाच्या काट्यावर नेली होती ते आठवते का? संत्र्याच्या गाड्यांची लाइन लागली होती अन् मधात आपली माचिसपेटी. काटेवाला खिडकीतून वाकून म्हणे, "भाऊ, याच्यात माल कुठी आहे?"

तू म्हणाला, "मालच काढून राहिलो."

सारे ट्रकवाले हसले. एकदा मले बसवून तोलली, एकदा उतरवून. काटेवाला म्हणे, "आता ताईचं वजन सांगू का?" मी म्हटलं, "सांगून पाह्य!" मग तू दाराच्या काच खालीवर कराचा दांडा काढून हातात धरला अन् म्हणाला, आता पुन्हा तोल. तो म्हणे, अरे बावा, हा काटा ट्रकाचा आहे, याले दांडा काय समजते! तरी तू आकड्याकडे पाहतच होता. येडा माणूस.

अन् येडेपणाची हद्द म्हणजे स्टेपनी. तीही काढली! जादा चाक म्हणजे जादा वजन म्हणे. पारशिवनीच्या अलीकडे टायर बसलं, तवा ऊन असं का डांबर चपलेले चिकटे. तू चाक खोललं, मी गाडीजवळ थांबायले नाही म्हटलं, मग दोघं चाक घेऊन सवारीच्या काळीपिवळी जीपमधे बसलो. ड्रायव्हर म्हणे, चाकाचीही सवारी लागन. तू त्याच्याशी वाद घालत होता का चाक मांडीवर आहे, सीटवर नाही. मी हसू का रडू! त्यानंतर स्टेपनी आली परत, पण तिच्या बदल्यात तू डिक्कीचं अस्तर फाडून टाकलं. हिशोब बराबर!

आता मुद्द्याचं बोलते. नाहीतर म्हणशील, सुमी फाटे फोडते.

मागच्या आठवड्यात प्रज्ञा त्याच पारशिवनीच्या रोडनं एकटी येऊन राहिली होती. समोर रेतीचा टिप्पर, रेती उडून काचेवर. तिनं बाजूनं काढली. अर्ध्यात गेली अन् समोरून बस. पाय पुरा दाबला म्हणते, पण गाडी ओढेच ना. कशीबशी मागं घेतली. घरी आली तवा ओठ पांढरे. पाणी दिलं तर गिलास दाताले लागून वाजत होता.

मी म्हटलं, "तुले घाई काहून होती?"

"आत्या, घाईचा प्रश्न नाही. जोर असता तर मी निघून गेली असती."

"जोर असता तर तू अजून लहान फटीत घुसली असती."

"म्हणजे बाबांच्या हट्टासाठी मी मरू?"

भाऊ, मी चूप बसली. मी! जिचं तोंड बंद कराले तू खर्ऱ्याची लाच दे, ती. काहून का खोटं तर नाही बोलली ती. हलकी गाडी वळणावर चांगली वळते, हे तुझं सगळं मान्य. पण समोर बस असताना वळण कुठी असते? तिथं जोरच लागते ना? तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही का तवा का कराचं. तू म्हणे, "ओव्हरटेक कराचाच नाही." वा! साऱ्या जन्मभर टिप्परमागं रेती खात बसाचं?

इस्माईलभाईचं म्हणणं वेगळंच. तो म्हणते, आताच्या पोट्ट्यांले हलकी गाडी समजतच नाही. ते बोनट उघडतात अन् विचारतात, किती पॉवर? कमी सांगितलं का हसतात. मिहानच्या रिकाम्या रोडवर सकाळी पोट्टे गाड्या आणतात, तिथं एक पोट्टा प्रज्ञाले म्हणे, "दीदी, ये तो धक्का मारके चलेगी." त्या दिवशीपासून तिच्या डोक्यात ते इंजिन बसलं, टिप्परच्याही आधी. हे ती कबूल करत नाही. मले दिसते.

पण पाह्य, जोर आला का नुसता जोर येत नाही ना गा. हे मले इंजिनातलं समजत नाही तरी समजते. ते इंजिन जड. मग समोरच्या स्प्रिंगा जाड पायजे. ब्रेक मोठे पायजे. ब्रेक मोठे तर चाक मोठं, चाक मोठं तर टायर महाग. रेडिएटर मोठा. पेट्रोल जास्त. हे सगळं चढलं का गाडी जड झाली, मग इस्माईलभाई म्हणन, बाई, अजून थोडा जोर पायजे. याले शेवट कुठी आहे? अन् तू तर म्हणे, ज्याच्या घरी मोटरसायकल आहे त्याले ही गाडी झेपली पायजे, नाहीतर ती बनवाचीच कायले. ते झेपणं कुठी गेलं मग?

मी हे सगळं प्रज्ञाले सांगितलं. ती म्हणे, "आत्या, तू बाबांसारखी बोलून राहिली." मले बरंही वाटलं अन् रागही आला. म्हणजे मी स्वतःसारखी कवा बोलणार?

खरं सांगू? मले जे सांगाचं आहे ते तिले सांगता येत नाही. तिले खापा रोड माहीत नाही.

तू मले गाडी शिकवली ती तिथंच, कन्हानच्या बाजूनं, जिथं रस्ता डावा-उजवा, डावा-उजवा होत जाते. लोकं हसे, पन्नाशीची बाई अन् गाडी शिकते. मी हळू चालवत होती. तू म्हणाला, "दाब."

"दाबला ना."

"पुरा दाब. खालच्या पत्र्याले लागू दे पाय."

"मरू ना दोघंही!"

"या गाडीत नाही मरत. म्हणूनच तर अशी बनवली. दाब वं सुमे!"

अन् मी दाबला. इंजिन शिलाई मशीनसारखं ओरडत होतं, खिडकीतून हवा, निवारीवर मी घट्ट बसली, अन् गाडी वळली. ब्रेकवर पाय न ठेवता वळली! मी विचार केला अन् ती वळली. मीटरच्या काट्यावर पाहिलं असतं तर वेग काहीच नव्हता, एखादा ऑटोवालाही पुढं गेला असता. पण मले वाटलं जशी मी उडून राहिली. जिंदगीत कोणती गोष्ट मी पुरी केली आहे भाऊ? शाळा अर्धी, संसार अर्धा, नवरा तर अर्ध्याहून कमी. तो पाय मात्र पुरा दाबला. त्या दुप्पट जोराच्या गाडीत कोणाची हिंमत होईन पुरा दाबायची? अर्ध्यातच पाय उचलावा लागन. सारा जोर बोनटखाली पडून राहीन, मंदाबाईच्या शोकेसातल्या कपबशीसारखा.

असं मले वाटते. अन् मग समोरून येणारी बस आठवते, प्रज्ञाच्या हातातला तो वाजणारा गिलास आठवते. अन् मी पुन्हा उठून पाणी पिते.

तुझा राग येते मले. दुरून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तू सांगे, हिचा कोणता बेल्ट जाणार आहे. अन् स्वतःच्या छातीत दुखत होतं तर म्हणे, गॅस आहे, ओवा दे. खुर्चीत बसल्या-बसल्या गेला, हातात चहा. मी बाजूच्या दुकानात मशीन चालवत होती, मले आवाजही आला नाही. प्रज्ञाले तू इंजिन खोलणं शिकवलं, बसवणं शिकवलं. त्या वळणावर काहून नाही नेलं? अभ्यास आहे, परीक्षा आहे, पुढच्या हिवाळ्यात नेऊ! कोणता हिवाळा गा? तिच्या वाट्याले सरळ रोड आला अन् टिप्पर आला. मग ती जोर नाही मागणार तर का मागन?

म्हणून एक वचन देते. शुक्रवारी सकाळी मी दुकान बंद ठेवीन अन् तिले खाप्याले घेऊन जाईन. जाताना मी चालवीन, येताना ती. तोंडातून एक शब्द काढणार नाही, फक्त 'दाब' म्हणीन. अन् त्यानंतरही ती म्हणाली का आत्या, इंजिन बदलाचंच, तर तिच्या बापाचं नाव घेऊन तिले अडवणार नाही. जगायचं तिले आहे, रोडवर तिले जायचं आहे. तिचा 'हो' मी तिच्यावर सोडीन.

पण माझा 'हो' माझाच आहे, अन् तो मी तुले विचारल्याशिवाय देणार नाही. स्वप्नात ये, नाहीतर कसाही ये, ते तू पाह्य. मले भाषण नको. वजन कमी कर, हे तर बिलकूल नको, ते पाठ आहे. मले एवढंच पायजे: तुझ्या पोरीसमोर बस येऊन राहिली आहे, अन् तू बाजूच्या सीटवर बसला आहे. तवा तुले जोर पायजे होता का नव्हता? आतापर्यंत हे तुले कोणी विचारलं नाही, म्हणून तू शिटी वाजवत सुटला. आता मी विचारून राहिली. हो, नाहीतर नाही.

शनिवारी पत्रा कापल्यावर येऊन रडशील तर मी कूस बदलून झोपीन, सांगून ठेवते. शुक्रवार. दिवस बुडायच्या आत.

जयभीम.

तुझी बहीण,
सुमन