एका घरातल्या दोघी

ताई,

साथीच्या काळात शाळेने होड्यांच्या शर्यतीसाठी नियम काढला की एका होडीत एकाच घरातल्या दोघींनी बसायचं. सरांनी आपली जोडी लावली. माझं वल्हं मागे पडायचं आणि तुझं डोकं फिरायचं. आठवड्याभरात तू बॅग भरून बाबांकडे राहायला गेलीस आणि त्यांच्या नव्या बायकोच्या मुलीबरोबर होडीत बसलीस. मी काठावर तुमच्या चपला राखत बसले.

आईला अजून वाटतं, आदल्या दिवशी ती ओरडली म्हणून तू गेलीस. भांडी घासताना विचारते, "मी फार बोलले का गं तिला?" मी नळ मोठा सोडते. तिला काय सांगू, की तुला नुसती वेगाने वल्हवणारी बहीण हवी होती?

हे पत्र मी टाकणार नाही. तू उत्तर पाठवशील, आणि ते आधी आईच्या हाती पडेल.

तुझ्या जुन्या घरातली,
धाकटी