नाखवा मरणार नाही

६ नोव्हेंबर, गुरुवार. सोहार.
आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. नऊ वर्षांनी 'गगनतारू' मालिकेचा बाविसावा भाग आला. काल पुण्यात प्रकाशन झालं. नाव : 'शेवटचं बंदर'.
काही घाबरट वाचक नावावरूनच रडायला लागलेत. म्हणे बाबल नाखवा मरणार. गगनतारू शनीच्या चंद्रांमधून अडतीस वर्षं हाकणारा माणूस असा मरतो होय? 'शेवटचं' म्हणजे इथे 'लेटेस्ट'. भाषा कळायला हवी.
सातवीत असताना कुडाळच्या वाचनालयात पहिला भाग वाचला. ओमानला आलो तेव्हा बॅगेत पाचवा भाग होता. पहिल्या उन्हाळ्यात, सहा जणांच्या खोलीत, तो अकरा वेळा वाचला. अकराही वेळा बाबल परत आला. आखातात या विषयावर माझ्याइतका अधिकार कुणाचा नाही. ओमानमधल्याच सूर गावचे हुसैनमियाँ धरले तर दोघांचा. पण ते फक्त वाचतात. मी अभ्यास करतो.
संकल्प : १) पुस्तक हातात येईपर्यंत फोन बंद, म्हणजे कथानक फुटणार नाही. २) चाळीस पानी समीक्षा. ३) रेवाला मराठी वाचायला लावणे (मुलगी नववीत आहे आणि 'ळ' बघून थांबते). ४) २८ तारखेला, शुक्रवारी, आमच्या घरी चर्चासत्र. अध्यक्ष : मी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ६.४०
फोन चालू केला. नाइलाज. 'गगनतारू आखात विभाग' या ग्रुपचा मी अ‍ॅडमिन आहे, जबाबदारी असते. सदस्य नऊ. (त्यात माझे नंबर दोन. सुगंधा तिसरी, पण तिने म्यूट केलंय.)
मुखपृष्ठ पाहिलं. नाखव्याची खुर्ची रिकामी. चहाला गेला असेल.
अर्पणपत्रिका पण कुणीतरी टाकली आहे : 'बाबलला, निरोप.' निरोप म्हणजे मेसेज. म्हणजे नाखवा जिवंत आहे, मेलेल्या माणसाला कोण मेसेज करतो? हे ग्रुपवर लिहिलं. आठांपैकी एकाने अंगठा दिला. तो माझा दुसरा नंबर.

१० नोव्हेंबर, सोमवार
पार्सल आलं नाही. मुंबईतून निघालं एवढंच कळतं.
चहाच्या सुट्टीत मजीदला पूर्ण मालिकेची पार्श्वभूमी सांगितली. मजीद आमच्या फॅक्टरीत स्टोअर्सला आहे, माणूस सूरचा, हिंदी बरी बोलतो. एकविसाव्या भागापर्यंत यायला तीन दिवस लागले. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, नाखवा म्हणजे आमचा नाखुदाच की. त्याचे आजोबा गलबतं बांधायचे. मी म्हटलं, बघ, किती जुनं नातं. तर म्हणतो, नाखुदा म्हातारा होतो, मरतो, बोट दुसरा कुणीतरी चालवतो, खलास.
मजीद चांगला माणूस आहे. साहित्य हा त्याचा प्रांत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पुस्तक आलं! पण माझं नाही. हुसैनमियाँची मुलगी नूरैन सुट्टीहून परतली, तिने दोन प्रती आणल्या. एक त्यांनी मस्कतमार्गे बसने येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. वर चिठ्ठी : 'रामकृष्णभाऊ, तुम्ही वाचल्याशिवाय मजा नाही.'
साहजिक आहे. त्यांना माझ्या मताचा आधार हवा असणार.
सुगंधाला म्हटलं, आता दोन दिवस मी नाही असं समज. ती म्हणाली, मग शनिवारी गॅस सिलिंडर कोण आणणार?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पहाटेपासून बासष्ट पानं. घोर निराशा. इंजिनात बिघाड होतो आणि कुणाला कळतच नाही? खलाशी पोरगी केशर नकाशा उलटा धरते आणि बाबल गप्प बसतो? मी क्वालिटी कंट्रोलमध्ये एकोणीस वर्षं काढली आहेत. डिफेक्ट लपत नाही माझ्यापासून.
फेसबुकवर महाराष्ट्रातल्या मोठ्या ग्रुपवर लेख टाकला : 'बासष्ट पानांत चौदा चुका.' लेखक महाशय वाचतील तर बरं होईल.
दुपारी हुसैनमियाँचा घरच्या फोनवर कॉल. मी आंघोळीला. सुगंधाशी अकरा मिनिटं बोलले. पापलेटाच्या रेसिपीबद्दल असणार. नंतर ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही, केस पांढरे झालेत तुमचे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दोनशे बारा कॉमेंट्स! पहिली वाचली : 'काका, पान ६३ वाचा.' दुसरी : 'पान ६३.' तिसरीत फक्त आकडा.
पान ६३ वाचलं. चौदाही गोष्टी बाबलने मुद्दाम केल्या होत्या. केशरला स्वतः शोधता यावं म्हणून. परीक्षा होती ती तिची.
म्हणजे मी लेखकाची योजना एक पान आधीच ओळखली होती, असाही अर्थ निघतो. तसं लिहिलं. त्यावर हसणारे चेहरे आले, ते मोजले नाहीत. निषेध म्हणून तो ग्रुप सोडला.
सिलिंडर राहिला. जेवायला शेजारच्या हॉटेलातून पराठे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पान ९१. बाबल खोकला.
पुस्तक तूर्त बाजूला ठेवलं. खोकल्याचा संबंध नाही. समीक्षकाने मध्ये अंतर घ्यावं लागतं. नाखवा खोकतो, नाखव्यांना थंडी वाजते, शनीजवळ हवा कशी असते कुणाला माहीत.
पुस्तक कपाटावर ठेवलं होतं, ते संध्याकाळी ओट्याजवळ सापडलं. आत खुणेला चहाच्या पुड्याचा कागद. सुगंधाने बावीस वर्षांच्या संसारात मालिकेचं एक पान उघडलं नाही. म्हणायची, माझी सवत आहे ती, मी कशाला चौकशी करू. आता म्हणते, सहज चाळतेय.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सुगंधाचं वाचून झालं! ३९४ पानं, दोन दिवसांत. चाळताना एवढा वेग येतोच. अर्थ किती पोचला हा प्रश्न वेगळा.
संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरात डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, कांदा. आज साबुदाण्याची खिचडी होती. हल्ली विसरायला लागली आहे.
मी विचारलं, कसं वाटलं पुस्तक. माझा अंदाज होता की गोंधळली असेल, समजावून सांगू. तर माझा हात धरून म्हणाली, तुम्ही सावकाश वाचा हं. घाई नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
रेवा चौकशी करायला आली. तिचं वाक्य जसंच्या तसं : "बाबा, आई किचनमध्ये क्राय करते. त्या बुकात काय आहे?"
मी तिला मालिकेचा इतिहास पहिल्या भागापासून सांगायला बसलो. सहाव्या मिनिटाला तिला होमवर्क आठवला.
संध्याकाळी बाल्कनीतून आवाज. सुगंधा मोठ्याने वाचतेय आणि रेवा ऐकतेय. नवा भाग, पहिल्या पानापासून. मध्येच हसली पण. पान ३०च्या आसपास असावं, केशर आणि डबेवाला यंत्रमानव. मला कथानक फुटायला नको म्हणून हेडफोन घालून बसलो. त्यात काही लावलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
मजीदने हलवा आणला. गुलाबपाण्याचा, आतून अजून कोमट. कारण विचारलं तर सांगेना. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, सब्र, राम, सब्र.
पुढच्या महिन्यात ऑडिट आहे, त्याबद्दल असेल.
भाषण लिहून तयार. शीर्षक : 'बाबल नाखवा अमर का आहे : नऊ पुरावे'. वेळ दीड तास. पुस्तक पान ९१ वरच आहे, पण सिद्धान्ताला त्याने फरक पडत नाही. उलट पूर्वग्रह टळतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सुट्टी. हॉलमधला सोफा बेडरूममध्ये. चाळीस खुर्च्या आणल्या. सुगंधा म्हणाली, दहा पुरे होतील. या बायकांना मार्केटिंग कळत नाही.
रात्री शेवटचं प्रकरण वाचून टाकावं असा विचार आला. खुर्च्या मांडायच्या होत्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
झालं ते क्रमाने लिहितो.
सकाळी अकरापर्यंत सहा जण. त्यात हुसैनमियाँ आणि त्यांच्या पत्नी सकिनाभाभी. सूरहून पहाटेची फजरची नमाज पढून निघाले होते, साडेचार तास गाडी हाकून, बर्फात घातलेली सुरमई घेऊन. सहावा मजीद. मी चकित. त्याने पांढराशुभ्र, पायघोळ ओमानी डिशडाशा घातला होता, जसा माणूस कुणाच्या घरी धीर द्यायला जातो तसा.
चौतीस खुर्च्या रिकाम्या. मी उभा राहिलो. पहिला पुरावा : 'शेवटचं' शब्दाचा अर्थ. दुसरा : रिकामी खुर्ची. तिसरा : निरोप.
कुणी वर बघेना. सकिनाभाभी पदराचं टोक बघतायत. हुसैनमियाँ गालिचा. मला वाटलं, मुद्दे पटतायत, विचार करतायत. आवाज चढवला. म्हटलं, ज्याला वाटतं नाखवा मरतो, त्याने आत्ता हात वर करावा!
रेवा उभी राहिली.
"बाबा, तू लास्ट चॅप्टर वाचला नाहीस ना?"
मी म्हटलं, समीक्षेच्या शिस्तीत अंतर नावाची एक गोष्ट असते. ती म्हणाली, "बाबा. तू घाबरलास. इट्स ओके."
शेवटी हुसैनमियाँ उठले. म्हणाले, रामकृष्णभाऊ, बसा. मग सांगितलं. त्यांनी पुस्तक दोन दिवसांत संपवलं, आणि पहिला विचार माझा आला. म्हणून १४ तारखेला फोन. सुगंधाने पुस्तक वाचलं ते मला कसं सांगावं हे ठरवायला. तोवर माझ्यापर्यंत बातमी पोचू नये म्हणून एक वेगळा ग्रुप काढला. सोहार, मस्कत, अल हैल, सूर, जिथे जिथे मालिकेचा मराठी वाचक आहे, सगळे त्यात. मजीदला सुगंधाने घेतलं, कारण मी दिवसातले आठ तास त्याच्यासमोर असतो.
ग्रुपचं नाव : 'रामकृष्णना सांगू नये'.
सदस्य त्रेचाळीस. अ‍ॅडमिन सुगंधा.
मी म्हटलं, त्रेचाळीस? माझ्या ग्रुपला अडतीस वर्षांच्या मालिकेत नऊ माणसं मिळाली. सुगंधा म्हणाली, तुमच्या ग्रुपवर तुम्ही बोलता.
मग जेवलो. सुरमई उत्तम होती. उरलेले सहा पुरावे कुणी मागितले नाहीत.

२९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी चष्मा सापडेना. (डोक्यावर होता, पण तसं कुणी बोललं नाही.) रेवा म्हणाली, मी वाचते.
शेवटचं प्रकरण, वीस पानं. तिला तासभर लागला. 'गुरुत्वाकर्षण' तीन तुकड्यांत. 'सुकाणू'ला आधी 'सुकानू' म्हणाली, मी दुरुस्त केलं. 'हळूहळू'ला थांबली, मी दुरुस्त केलं.
पान ३८८. बाबल खुर्चीत बसलाय, हातात चहा. केशरला म्हणतो, पोरी, जरा डावीकडे घे, वारं बदललंय. अवकाशात वारं नसतं. केशरला ते माहीत आहे. तरी ती डावीकडे घेते. मागे वळून बघते तर चहा तसाच, आणि नाखवा नाही.
इथून पुढे मी काही दुरुस्त केलं नाही. रेवाने चार शब्द चुकीचे वाचले. वाचू दिले.
पुस्तक मिटून ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "सॉरी बाबा. ही वॉज नाइस." मी म्हटलं, हो गं. होता खरा.
सुगंधाने चहा आणला. तिघांनी प्यायला.

३० नोव्हेंबर, रविवार
फॅक्टरीत (इथे रविवार कामाचा) मजीदला स्पष्ट सांगितलं की शेवटाची कल्पना मला पहिल्यापासून होती, फक्त लोकांना उमेद राहावी म्हणून बोललो नाही. तो म्हणाला, इन्शाल्ला.
समीक्षा चाळीसऐवजी चार पानी करायचं ठरवलं. नेमकेपणा महत्त्वाचा.
संध्याकाळी सुगंधाकडे त्या ग्रुपात प्रवेश मागितला. ती म्हणाली, सदस्यांना विचारावं लागेल. मतदान झालं. माझ्या घरात, माझ्या मालिकेसाठी, माझ्यावर मतदान.
७.१० : बहुमताने प्रवेश. ग्रुपचं नाव लगेच बदललं : 'रामकृष्णना सांगितलं'. लाल बदाम त्रेचाळीस. थोडं गलबलून आलं, ते सर्दीचं असेल.
७.५० : चार पानं टाइप करून पाठवली. जात नाहीत. खाली बारीक अक्षरांत : 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात.'
अ‍ॅडमिनकडे तक्रार घेऊन बाल्कनीत गेलो. अ‍ॅडमिनच्या मांडीवर माझा पहिला भाग होता, कुडाळच्या जुन्या बाजारातून घेतलेला, आणि रेवा पाय वर घेऊन बसली होती. तिला सगळे बावीस हवे आहेत. म्हटलं, अरे वा, मी समजावून सांगतो. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.
मला तिसरी खुर्ची मिळाली आहे. अट एकच : मध्ये बोलायचं नाही.