रसाने माखलेलं बोट

अहो,

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली आणि मी आज पत्र लिहायला बसलेय. हिला वेड लागलंय, म्हणाल. म्हणा खुशाल! पण काल किन्हवलीच्या शिबिरात जे पाहिलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

साखर तपासायचं शिबिर होतं, आम्हा अंगणवाडीच्या बायकांना मदतीला बोलावलेलं. एका बाईचा आकडा तीनशेच्या वर आला. सिस्टरने विचारलं, "हाताला काय लागलंय?" बाई म्हणाली, "आंबं कापीत व्हते." सिस्टरने तिला साबणाने हात धुवायला लावले आणि परत बोट टोचलं. आकडा निम्म्यावर!

मी विचारलं, "सिस्टर, हात फडक्याला पुसला असला तर?"

"पुसून नाही जात हो. बोटावर रस राहतो. मशीन तोच मोजतं."

आता तरी कळलं का, मी का लिहितेय?

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला तुम्हाला साखर निघाली तेव्हा कुठलं आलंय घरात मशीन! शहापूरला दवाखान्यात लघवी नळीत तापवायचे आणि रंग बघायचे. निळा राहिला की तुम्ही मिशीला पीळ देत बाहेर यायचात. विटकरी झाला की एसटीत माझ्या शेजारी न बसता मागच्या बाकावर जायचात. मी बोलणार हे ठाऊक होतं ना!

पुढे इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि आपल्या थोरल्या लेकाने भिवंडीहून मशीन आणलं. ते पीप वाजलं की माझ्या लेखी निकाल लागला. तुमचं म्हणणं ऐकून घ्यायची गरजच काय उरली?

त्या वैशाखात आंबापोळ्या घालायला तुमची बहीण, आपल्या यमुनावन्सं, पोरांना घेऊन आल्या होत्या. तुम्ही सकाळी इंजेक्शन घेतलंत आणि न्याहारी राहू दे म्हणत पातेल्याशी रस पिळायला बसलात. मनगटापर्यंत हात रसात, पण बोट म्हणून चाटायचं नाही, याचा केवढा तोरा होता तुम्हाला! पोरांना म्हणायचात, "बघा रे, याला बोलतात मन मारनं."

मग तुम्ही खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत उठलात. "अगो, हात थरथरतायत. गुळाचा खडा दे गो जरा."

खडा द्यायला कितीसा वेळ लागला असता? मी मशीन आणून तुमचं बोट टोचलं. तीनशे चाळीस! सगळ्यांदेखत मी कडाडले, "रस चाटलात तो चाटलात, वर गूळ मागताय?"

"नाय गो. आयशपथ, बोट पन नाय चाटलं."

तुमच्या कपाळावर घाम होता. मला तो दिसला, अहो. पकडले गेलात म्हणून घाम फुटला, असं वाटलं मला. तुम्ही ओटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झालात.

थोड्या वेळाने वन्सं ओरडल्या, "वहिनी, दादा बोलत नाय गो!" त्यांनीच तुमच्या गालाच्या आत साखर चोळली, त्यांनीच जीप बोलावली. दवाखान्यात सलाईन लावल्यावर तुम्ही डोळे उघडलेत. साखर पार उतरली होती, असं डॉक्टर म्हणाले. मी आकडा सांगितला, तर म्हणे मशीन बिघडलं असेल. घरी येऊन मी चांगले हात धुऊन माझंच रक्त तपासलं. मशीन ठणठणीत! म्हणजे खोटे तुम्हीच. चोरून खाल्लं, साखर चढली आणि मग धाडकन उतरली, असा शहाणपणा मीच सगळ्यांना सांगत सुटले.

"आंबाचोर" हे नाव पोरांनी ठेवलं, पण सगळ्यात मोठ्याने मी हसले होते. तुम्हीही हसलात. मग दर वर्षी आंबापोळ्यांच्या दिवसांत टोकावड्याला धाकट्या भावाकडे जाऊन राहायला लागलात. "तिकडं काम हाय," म्हणायचात. कसलं काम हो? मी एकदाही विचारलं नाही. तेराव्याच्या पंगतीतही कुणीतरी आंबाचोराची आठवण काढली आणि रडता रडता सगळे हसले. मीसुद्धा.

शिबिरात डॉक्टर सांगत होते, परदेशात आता पोटाला चिकटवायचं यंत्र आलंय. दिवसभर साखर बघतं आणि खाली गेली की आपणच ओरडतं. मी विचारलं, ते खरंच ओरडतं की कधी उगाचही? ते हसले. म्हणाले, कधी उगाच ओरडतं आणि कधी ओरडायचं तेव्हा गप्प बसतं, म्हणून आधी माणसाकडे बघायचं.

माणूस तर माझ्या पुढ्यात उभा होता. हात पुढे करून सांगत होता.

येत्या रविवारी वन्सं पोरासोरांसकट आंबापोळ्यांना येतायत. सिस्टरकडून मशीन मागून आणणार आहे. सगळ्यांसमोर बोट रसात बुडवीन, टॉवेलला पुसून टोचीन आणि आकडा प्रत्येकाला वाचायला लावीन. मग सांगेन, यांनी खाल्ला नव्हता. इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलेल्या, साखर उतरलेल्या माणसाने गूळ मागितला आणि मी त्याला चोर ठरवलं. हे मी माझ्या तोंडाने सांगेन, खाली मान घालून नाही. कुणी म्हणेल, जाऊ दे वहिनी, आता काय त्याचं. मी जाऊ देणार नाही.

उभ्या संसारात तुमच्यापुढे 'चुकले' म्हटल्याचं मला आठवत नाही. चुकले हो मी.

तुमची,
सुमन