नवीन बंदूक नको

बाबा, काल जेवताना घरात पुन्हा बंदुकीवरून वाद झाला. टीव्हीवर कुठल्यातरी परदेशातली चर्चा चालली होती. घोडा दाबावा तशी गोळी सुटते, मधे भरायला थांबावं लागत नाही, अशी रायफल साध्या माणसाने घरात ठेवावी की नाही. तुमचा नातू म्हणाला, "तिथं रायफलीवर भांडून राह्यले, अन् इथं डुकरासाठी आपल्याले साधी एकनळी बंदूक भेटत नाही." तो हसला. मला मात्र तुमची ती सभा आठवली आणि इतक्या वर्षांनी पुन्हा तुमचाच राग आला.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. सातपुडा उतरला की पहिलं रान आपलं, म्हणून रानडुकरं आधी आपल्याच ज्वारीत शिरायची. तुम्ही पलटणीतून परतलेले. पीक राखायला बंदुकीचा परवाना मागा, म्हणून माय तुमच्या मागे लागली होती. अखेर तुम्ही आणि आपल्या बौद्धवाड्यातल्या आणखी दोघांनी अर्ज केले, आणि गावात नव्या बंदुका येऊ द्याव्यात का हे ठरवायला पंचायतीने सभा बोलावली. तोवर गावात एकच बंदूक होती, पाटलांची दुनळी.

सभेत मी मायजवळ बायकांत बसले आहे. पाटील समजुतीच्या आवाजात सांगतात, "डुकरं आली त निरोप द्या. आमचा माणूस येईन बंदूक घेऊन." मागून कोणीतरी म्हणतं, "तुमचा माणूस येतपर्यंत डुकरं जेवून जातात." लोक हसतात. मग सरपंच तुमच्याकडे वळतात, कारण रायफल चालवलेले गावात तुम्ही एकटेच. माय सावरून बसते. आणि तुम्ही उभे राहून म्हणता, "मी खरं सांगतो. बंदूक डुकरासाठी आणली तरी डुकरापाशी थांबत नाही. बांधावर भांडण झालं त आज माणूस दगड उचलते, उद्या बंदुकीकडे धावन. मले नको. कोणाकडेच नको."

सगळ्यांत आधी मान डोलावली ती पाटलांनी. ठराव झाला, गावात नवीन बंदूक नको. तुम्ही म्हणालात, "मी कोणाकडेच म्हणलो होतो." सरपंच म्हणाले, "हो, तेच त लिहिलं." जुन्या बंदुकीचं नाव कोणी काढलं नाही.

घरी माय चुलीपुढे भाकरी थापत म्हणाली, "अर्धंच ऐकलं त्यायनं. आपल्याले बांधणारं अर्धं."

"मंग काय खोटं बोलू?"

"खोटं नका बोलू. पण कोण ऐकून राह्यलं ते त पाहाचं."

त्या सुगीला आपली ज्वारी आडवी झाली. पाटलांचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला, खुरांचे ठसे पाहून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात पाटलांच्या पुतण्याने बांधाच्या वादात तीच दुनळी चालवली आणि छर्रे मामाच्या मांडीत घुसले. मामा त्यांच्याकडे सालदार होता. भांडण त्याचं नव्हतंच, तो सोडवायला मधे पडला होता. दवाखान्याच्या ओट्यावर लोक येऊन तुम्हाला सांगत होते, "तुम्ही बोलले तेच झालं." तुम्ही मान खाली घालून ऐकत होता. ज्याने खरं सांगितलं त्याचीच ज्वारी जावी, त्याच्याच मेहुण्याने जन्मभर लंगडावं, आणि जप्त झालेली बंदूक काही दिवसांनी पुन्हा पाटलांच्या भिंतीवर यावी, हे मला अजून पचलेलं नाही. तुम्ही दुसऱ्यांदा उभे का राहिला नाहीत? जुन्या बंदुकीचं काय, एवढं एकच विचारायचं होतं. माय ते विचारायला सांगत होती, आणि तुम्ही म्हणायचात, "मले जे सांगाचं होतं ते सांगून झालं." जणू सांगितलं की आपलं काम संपलं.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, मला कळतं. डुकरं अजून येतात. नातू परवान्यासाठी अर्ज करायचं म्हणतो. काल मी त्याला नको म्हटलं. "काऊन नको?" त्याने विचारलं. माझ्याकडे माझं असं उत्तर नव्हतं, आणि तुमचं द्यावंसं वाटलं नाही.